जावात बाइट शिफ्ट केल्यावर 15 ऐवजी -1 येतंय? माझा अनुभव

फाइलमधून वाचलेला बाइट 240, त्याचे वरचे चार बिट हवे होते म्हणून >> 4 केलं (म्हणजे बिट चार जागा उजवीकडे सरकवले, यालाच शिफ्ट म्हणतात) तर 15 ऐवजी -1. मग >>> लावलं तर थेट 268435455! दोन रात्री गेल्या यात, डोकं पार आउट झालं.

कारण असं की जावात बाइट (8 बिट) साइन्ड असतो, म्हणजे ऋण आकडेही धरतो, म्हणजे 240 चे बिट तो -16 म्हणून वाचतो, आणि शिफ्टच्या आधी त्याचा 32 बिटांचा इंट (पूर्णांक) होतो तेव्हा वरचे 24 बिट सगळे 1 ने भरतात, >>> फक्त डावीकडून चार शून्यं घुसवतं, मधले 1 तसेच राहतात.

आधी & 255 करा, म्हणजे खालचे 8 बिटच उरतात, मग शिफ्ट:

(बाइट & 255) >> 4

आलं 15. कंस विसरू नका हं, नाहीतर शिफ्ट आधी होतं, मग 255 चेच 15 होतात आणि बाइट & 15 चं उत्तर 0 येतं.