वॉर्डातून घरोघरी: इंग्लंडमध्ये हेल्थ व्हिजिटर किंवा स्कूल नर्स व्हायचं असेल तर

ओएससीई (नोंदणीसाठीची प्रात्यक्षिक परीक्षा) पार पडली, एनएमसीचा (नर्सेसची नोंदणी करणाऱ्या यूकेच्या परिषदेचा) पिन म्हणजे नोंदणी क्रमांक हातात आला, एनएचएसच्या (इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) बँड ५ या पगारश्रेणीवर वॉर्डात रुजू झालात, की पुढचं पाऊल कुठलं हा प्रश्न लवकरच उभा राहतो. बहुतेक जणी आयसीयू, थिएटर किंवा डायलिसिस एवढ्याच वाटा पाहतात. ज्यांना गावच्या उपकेंद्राचं, आशाताईंसोबतच्या गृहभेटींचं काम मनापासून आवडायचं, त्यांच्यासाठी इथे वेगळी वाट आहे आणि तिची तयारी पहिल्या वर्षापासूनच करावी लागते. जाहिरात दिसल्यावर धावपळ करून ही जागा मिळत नाही.

एनएमसीच्या नोंदवहीचा तिसरा भाग स्पेशालिस्ट कम्युनिटी पब्लिक हेल्थ नर्सचा, म्हणजे एससीपीएचएनचा आहे. त्यात शिरायला आधी नर्स किंवा मिडवाइफ म्हणून नोंदणी हवीच. त्यात प्रामुख्याने तीन शाखा येतात: जन्मापूर्वीपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी हेल्थ व्हिजिटर, शाळेच्या वयासाठी स्कूल नर्स आणि नोकरदारांच्या आरोग्यासाठी ऑक्युपेशनल हेल्थ नर्स. पूर्णवेळ अभ्यासक्रम साधारण एक वर्षाचा, अर्धा विद्यापीठात आणि अर्धा प्रत्यक्ष कामावर. इंग्लंडमध्ये तो नोकरी करत, पगार घेत लेव्हल ७ च्या (पदव्युत्तर पातळीच्या) अप्रेंटिसशिपमधूनही करता येतो. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडची व्यवस्था निराळी आहे. पुढचं सगळं इंग्लंडपुरतं समजा.

एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. केअर असिस्टंट म्हणून आलेल्या काही भारतीय नर्सेसना रजिस्टर्ड नर्स डिग्री अप्रेंटिसशिप हा सोपा मार्ग वाटतो. तो लेव्हल ६ चा (पदवी पातळीचा) वेगळा अभ्यासक्रम आहे, ४६०० तासांचा, आणि तो करायला साधारण चार वर्षं जातात. तुमच्याकडे जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंग आणि भारतातली नोंदणी असेल तर सीबीटी (संगणकावरची परीक्षा) आणि ओएससीई देऊन नोंदणी घ्या. शिकलेलंच पुन्हा शिकण्यात चार वर्षं घालवू नका.

आता पैशाचं. अप्रेंटिसशिपच्या सरकारी निधीसाठी परदेशी नागरिकाचं कोर्स सुरू होण्याआधी सलग तीन वर्षं इथे कायदेशीर वास्तव्य लागतं. मधल्या सुट्ट्यांनी ते मोडत नाही, पण बाळंतपणासाठी माहेरी बरेच महिने राहिलात तर प्रश्न विचारले जाऊ शकतात. प्रवासाच्या तारखा, पेस्लिपा, काउन्सिल टॅक्सची (घरपट्टीची) बिलं जपून ठेवा. व्हिसाची मुदत कोर्सच्या शेवटापर्यंत पुरते का, नाहीतर वाढवून मिळेल का, हेही विचारलं जातं.

दुसरी अडचण नवी आहे. जानेवारी २०२६ पासून लेव्हल ७ च्या अप्रेंटिसशिपसाठी लेव्हीचा (मोठ्या मालकांकडून प्रशिक्षणासाठी घेतल्या जाणाऱ्या कराचा) पैसा साधारणपणे १६ ते २१ वयाच्या उमेदवारांपुरताच ठेवला गेला. नोंदणीकृत नर्स या वयात क्वचितच बसते. म्हणून मुलाखतीला जाण्याआधी एचआरला ईमेलवर सरळ विचारा: ही जागा कुठल्या निधीतून आहे आणि तो पैसा पूर्ण कोर्सपुरता मंजूर आहे का? तोच अभ्यासक्रम मालकाच्या खर्चाने, अप्रेंटिसशिपशिवायही करता येतो. मग तीन वर्षांची अट त्या स्वरूपात लागू होत नाही, मात्र ठरावीक काळ तिथेच नोकरी करण्याचा करार पुढे येऊ शकतो. अप्रेंटिसशिपमध्ये शिक्षणाचा खर्च उमेदवाराकडून घेता येत नाही, मधेच सोडलं तरी वसूल करता येत नाही. सही करण्याआधी आपण यातल्या कुठल्या मार्गाने चाललो आहोत हे लेखी घ्या.

व्हिसाबाबत निष्काळजीपणा महाग पडतो. स्किल्ड वर्कर व्हिसा मालकाला आणि कामाच्या कोडला (व्यवसायाच्या सरकारी क्रमांकाला) बांधलेला असतो, आणि कम्युनिटी नर्सचा कोड वॉर्डातल्या नर्सपेक्षा वेगळा असू शकतो. कोड किंवा मालक बदलत असेल तर नवीन सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप (व्हिसासाठी मालकाने द्यायचा दाखला) आणि नवा अर्ज, आणि मंजुरी येईपर्यंत नवं काम सुरू करायचं नाही. इथे मालक एनएचएस ट्रस्टच (सरकारी आरोग्यसेवा चालवणारी स्थानिक संस्था) असेल असं धरून चालू नका. शाळकरी मुलांच्या सार्वजनिक आरोग्याची जबाबदारी एप्रिल २०१३ पासून आणि पाच वर्षांखालच्या मुलांची ऑक्टोबर २०१५ पासून स्थानिक काउन्सिलांकडे (आपल्या पालिकांसारख्या संस्थांकडे) आहे. त्यामुळे ही सेवा कुठे ट्रस्ट चालवतो, कुठे काउन्सिल स्वतः, कुठे सामाजिक संस्था. स्पॉन्सर लायसन्स (परदेशी कर्मचारी नेमण्याचा परवाना) आहे का, एनएचएसचं पेन्शन चालू राहील का, आधीची सेवा धरली जाईल का, हे तिन्ही प्रश्न विचारा.

पात्र हेल्थ व्हिजिटरला एनएचएसमध्ये बँड ६ मिळतो. शिकताना किती पगार मिळेल हे मालकागणिक बदलतं. पण वॉर्डातल्या नाइट आणि रविवारच्या ड्युटीचे जादा पैसे पहिल्या महिन्यापासून बंद होतात, आणि हा फटका बऱ्याच घरांच्या हिशेबात धरलेलाच नसतो. मूळ पगारावर घरभाडं, नर्सरी आणि गावी पाठवायचे पैसे भागतात का, हे कागदावर मांडून पाहा.

गाडीचा परवाना हा सगळ्यात जास्त जणींना अडवणारा मुद्दा आहे. भारतीय परवान्यावर इथे राहायला आल्यापासून १२ महिनेच गाडी चालवता येते. त्यानंतर प्रोव्हिजनल (शिकाऊ परवाना) काढून परीक्षा द्यावी लागते. थिअरीत ५० पैकी ४३, हॅझर्ड परसेप्शनमध्ये (रस्त्यावरचा धोका ओळखण्याच्या चाचणीत) ७५ पैकी ४४ लागतात आणि त्या निकालाची मुदत दोन वर्षं. प्रत्यक्ष टेस्टची तारीख मिळायला महिनोन्‌महिने लागतात, म्हणून पहिल्या वर्षातच सुरुवात करा. भारतात कितीही वर्षं गाडी चालवली असली तरी आरशात पाहणं, राउंडअबाउटवर लेन धरणं आणि स्पीड लिमिट पाळणं यासाठी इथल्या प्रशिक्षकाचे काही तास घ्याच. भारतीय चालक बहुधा याच गोष्टींवर अडतात. ऑटोमॅटिकवर परीक्षा दिलीत तर परवाना ऑटोमॅटिकपुरताच. इन्शुरन्समध्ये कामासाठीचा वापर जोडून घ्यायला विसरू नका.

शैक्षणिक बाजूला जीएनएम झालेल्यांनी विशेष लक्ष द्यावं. लेव्हल ७ ला प्रवेश देताना विद्यापीठ बहुधा पदवी किंवा लेव्हल ६ चा अभ्यास केल्याचा पुरावा मागतं. ट्रस्टच्या खर्चाने लेव्हल ६ चं एखादं मॉड्यूल आधीच पूर्ण करा. भारतातली बीएस्सी असेल तर युके एनिकचं (परदेशी पदवीची इथल्या पदवीशी बरोबरी ठरवणाऱ्या संस्थेचं) प्रमाणपत्र काढून ठेवा. निबंधात आपल्या मुली मागे पडतात त्या वर्णनामुळे. काय घडलं, काय केलं, हे नीट लिहितात आणि तिथेच थांबतात. परीक्षकाला हवं असतं: हाच उपाय का, कुठल्या पुराव्यावर, तो पुरावा कुठे कमजोर आहे, आणि या कुटुंबाला तो लागू पडतो का. दुसऱ्याचं वाक्य दोन शब्द बदलून घेतलं तरी ती नक्कल ठरते आणि प्रकरण एनएमसीपर्यंत जाऊ शकतं.

बहुतेक कोर्स सप्टेंबरला सुरू होतात, म्हणून वसंतापासून एनएचएस जॉब्स या नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवा. अर्जात पर्सन स्पेसिफिकेशनमधल्या (उमेदवारात काय हवं याच्या यादीतल्या) प्रत्येक मुद्द्याला तुमच्या कामातलं एकेक उदाहरण द्या. अर्ज करण्याआधी स्थानिक टीमसोबत एक दिवस काढण्याची परवानगी मागा. मुलाखतीत त्याचा फार उपयोग होतो, आणि हे काम आपल्याला जमेल का तेही कळतं.

कारण हे काम वॉर्डापेक्षा खरोखर निराळं आहे. हेल्थ व्हिजिटरच्या पाच ठरलेल्या भेटी असतात: गरोदरपणात २८ आठवड्यांनंतर, जन्मानंतर १० ते १४ दिवसांत, ६ ते ८ आठवड्यांना, वर्षाच्या सुमारास आणि दोन ते अडीच वर्षांना. लस बहुतेक ठिकाणी जीपीच्या (फॅमिली डॉक्टरच्या) दवाखान्यातच देतात. तुमच्या हातात सुई जवळजवळ नसते. घरात शिरण्याचा कायदेशीर अधिकारही नसतो. आईने दार उघडलं नाही तर तुम्ही बाहेरच. म्हणून सल्ला देण्याआधी विचारायचं असतं: तुम्हाला काय वाटतं, आतापर्यंत काय करून पाहिलंत? आपल्याकडची, ताईने येऊन चार गोष्टी सुनावण्याची पद्धत इथे दार बंद करते.

भारतीय घरात गेलात तर जास्तच जपा. काजळात शिसं असू शकतं, मध वर्षाच्या आत नको, बाळाला पाठीवर आणि स्वतंत्र पाळण्यात झोपवायचं, अंगावर पिणाऱ्या बाळाला रोज ८.५ ते १० मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन डी. हे सांगताना आजीचा मान राखा, पण मुद्दा सोडू नका. आणि भाषा समान नसली तरी घरातल्या कुणाकडून दुभाषाचं काम करून घेऊ नका. नवरा किंवा सासू खोलीत असताना घरगुती हिंसेबद्दल विचारायचं नाही. ती एकटी असताना विचारायचं, आणि विचारता आलं नाही तर तसं नोंदवून पुढच्या भेटीची वेळ ठरवायची.

सेफगार्डिंगमध्ये (मुलांना इजेपासून जपण्याच्या कामात) नवख्या नर्सची नेहमीची चूक म्हणजे संशय आला तरी 'घरातली गोष्ट' म्हणून गप्प राहणं. १९८९ च्या चिल्ड्रन ॲक्टचं कलम १७ मदतीची गरज असलेल्या मुलासाठी आहे; कलम ४७ गंभीर इजा झाल्याचा किंवा होण्याचा वाजवी संशय असेल तेव्हासाठी. खात्री करून घेणं तुमचं काम नाही. जे पाहिलं-ऐकलं ते त्याच दिवशी, शब्दशः लिहा आणि सेफगार्डिंग लीडला फोन करा.

कोर्स सुरू असताना हाताखाली किती कुटुंबं देणार, हे पहिल्याच आठवड्यात प्रॅक्टिस असेसरसोबत (कामावर तुमचं मूल्यमापन करणाऱ्या व्यक्तीसोबत) लिहून घ्या. टीममध्ये माणसं कमी असली की अनुभवी नर्स म्हणून तुमच्यावर पूर्ण केसलोड (कुटुंबांचा पूर्ण भार) टाकला जातो आणि शिकण्याचा वेळ तिथेच संपतो. अप्रेंटिसशिपमध्ये प्रशिक्षणाचे तास पगारी वेळेतच बसले पाहिजेत. ते बुडाले तर तारखेनिशी नोंद ठेवा आणि विद्यापीठाच्या ट्यूटरला महिन्याच्या आत कळवा. कोर्सच्या अखेरीला सांगून काही उपयोग होत नाही.

नोंदणी झाल्यावर नर्स आणि एससीपीएचएन अशी दोन्ही नावं राहतात, पण रिव्हॅलिडेशनला (नोंदणीच्या नूतनीकरणाला) तीन वर्षांत कामाचे एकूण ४५० तासच लागतात. त्यासाठी वॉर्डात वेगळ्या शिफ्ट करायची गरज नाही.