सुपरहिरो वाढदिवसाचे खेळ: एकही मूल रांगेत उभं राहता कामा नये

मुलं सोळा, वय पाच ते नऊ, जागा गोव्यात फोंड्याकडच्या साध्या घराचं अंगण आणि व्हरांडा, खेळांना सव्वा तास. माझा हिशेब एवढ्यावर बसवलेला आहे. तुमच्याकडे मुलं कमी-जास्त असतील तर आकडे बदला, क्रम बदलू नका. आमंत्रणात साडेचार लिहा. पाचपर्यंत पाहुणे येतच राहतात, आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे त्याहून उशीर परवडत नाही.

सजावट, केक, पॅटिस, कोकम सरबत हे तुम्हाला सांगायला नको.

आल्या आल्या: केप आणि मुखवटा

दारातच प्रत्येकाच्या मनगटाला रंगीत लोकर बांधा: लाल, निळी, पिवळी, हिरवी. हेच पुढचे चार गट. ही वाटणी आदल्या रात्री कागदावर करून ठेवायची, प्रत्येक गटात एक मोठं मूल आणि एक अगदी लहान. मुलांना गट निवडायला सांगू नका. दोन दोस्त एकमेकांना धरून बसतात, आणि ज्याला कुणीच बोलावत नाही ते पोर तुमच्याकडे बघत उभं राहतं.

केपला अस्तराचं कापड पुरतं. 44 इंची पन्ह्याच्या एक मीटरमध्ये दोन केप होतात, म्हणजे सोळा मुलांना आठ मीटर. गळ्याशी नाडीची गाठ मात्र कदापि नको. मागून कुणी ओढलं की गाठ गळा आवळते. वेलक्रोचा तुकडा शिवा. ओढला की सुटतो. मुखवटे कार्डशीटचे, आधीच कापलेले, मुलांनी फक्त रंगवायचे. चमकीचा गोंद आणूच नका. आपल्या दमट हवेत तो तासभर वाळत नाही, आणि मग तो सगळ्यांच्या कपाळावर आणि गालांवर जातो.

मुखवटा रंगवताना प्रत्येकाला स्वतःचं सुपरहिरोचं नाव आणि स्वतःची शक्ती ठरवायला लावा. एका वाढदिवसाला आमच्याकडे चार स्पायडरमॅन आले होते आणि खरा कोण यावरून पहिल्या दहा मिनिटांत रडारड झाली. तेव्हापासून मी हा नियम पाळते. गेल्या वेळी एका अबोल मुलाने बराच विचार करून सांगितलं, ‘मी आवाज न करता चालतो.’ पुढे सुतांच्या जाळ्याच्या खेळात तो सगळ्यांत सफाईने निघाला, आणि बाकीची पोरं त्याला कसं करायचं ते विचारत होती.

प्रशिक्षण: इथेच सगळं बिघडतं

सुपरहिरो पार्टी म्हटली की जो तो सांगतो, ‘अडथळ्यांची शर्यत ठेवा.’ मीही ठेवली होती. दोरीखालून सरपटणं, टायरमधून उड्या, फळीवरून चालणं, शेवटी नेम. दिसायला फार सुंदर. पण एका मुलाला दीड मिनिट लागतं, सोळा मुलांना चोवीस मिनिटं. म्हणजे प्रत्येक मूल दीड मिनिट खेळतं आणि साडेबावीस मिनिटं उभं राहतं. मधेच पुढची दोघं परत रांगेत घुसली, शेवटची धाकटी मुलगी आईकडे जाऊन रडली, आणि मागच्या दोघांनी माडाच्या चुडताचे दांडे उचलून तलवारबाजी सुरू केली. एकाच्या भुवईला लागलं. मुलं वाह्यात नव्हती. अंगावर केप चढवून आपण त्यांना सांगतो की तुझ्यात शक्ती आहे, आणि मग रांगेत गप्प उभं करतो. ती शक्ती कुठेतरी निघणारच.

त्यानंतर मी शर्यत मोडून तिचे चार थांबे केले. चार गट, प्रत्येक थांब्यावर पाच मिनिटं, घंटा वाजली की पुढच्या थांब्यावर. जागा बदलण्याची मिनिटं धरून पंचवीस मिनिटांत सगळं होतं. वेळ जवळपास तेवढाच, पण दीड मिनिटाऐवजी प्रत्येक मूल वीस मिनिटं खेळतं. घंटा वाढदिवसाच्या मुलाच्या हातात द्या. आपल्या दिवशी आपण काहीतरी खास करतोय हे त्याला तेवढ्याने मिळतं, त्याला पुढारी नेमून बाकीच्यांवर हुकूम सोडायला लावायची गरज नाही.

पहिला थांबा सुतांचं जाळं. व्हरांड्याच्या खांबांमध्ये लाल लोकर आडवी-तिरपी बांधायची, मधेमधे घुंगरू. घुंगरू वाजलं तर दोन पावलं मागे, बाद कुणी नाही. सुतळी किंवा नायलॉनची दोरी इथे मुळीच वापरू नका. पाय अडकला की लोकर तुटते, नायलॉन तुटत नाही, मूल पडतं. मीच एकदा घाईत नायलॉन बांधली होती आणि एका पोराचे दोन्ही गुडघे सोलवटले. गळ्याच्या उंचीवर तर लोकरही बांधायची नाही.

दुसरा थांबा नरकासुर. आपल्याकडे दिवाळीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यावर नरकासुराचे पुतळे उभे राहतात, त्यामुळे खलनायक कसा असतो हे इथल्या पोरांना समजावावं लागत नाही. रिकामी खोकी एकावर एक रचा, वरच्या खोक्यावर सुळे आणि मिशा रंगवा, आणि जुन्या मोज्यांत वर्तमानपत्र कोंबून चेंडू करा. पाडायचं, आणि पुढच्या गटासाठी परत रचून ठेवायचं. रचण्यातही त्यांना तितकीच मजा येते.

घरातल्या मोठ्या माणसाला खलनायक बनवा, असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. माझ्या दिराने एकदा हौसेने मुखवटा चढवला. लहान मुलं घाबरून स्वयंपाकघरात पळाली, मोठी खरोखर तुटून पडली, आणि अंगात आलेल्या सात-आठ मुलांना थांबवणं कुणालाच जमेना. खलनायक पुठ्ठ्याचाच हवा.

तिसरा थांबा बर्फातून सुटका. प्लॅस्टिकचे छोटे प्राणी स्टीलच्या टोपात पाण्यात घालून फ्रीझरमध्ये पूर्ण एक दिवस गोठवा. मुलांना कोमट पाणी, मीठ आणि चमचे द्या. पाच मिनिटांत एका गटाकडून प्राणी सुटत नाहीत, तसं व्हायलाही नको. अर्धवट काम पुढच्या गटाकडे जातं, आणि शेवटचा गट हत्ती बाहेर काढतो तेव्हा चारही गट ओरडत धावत येतात. आपल्या उकाड्याची इथे मदतच होते. तीन वर्षांखालचं भावंड जवळ असेल तर हे प्राणी तोंडात जाणार नाहीत इतके मोठे घ्या.

चौथा थांबा करवंट्या. दोन अर्ध्या करवंट्यांना भोक पाडून दोरी ओवायची, दोरी हातात धरून करवंट्यांवर चालायचं. आपण सगळ्यांनी लहानपणी केलंय. पार्टीत त्याला ‘राक्षसाची पावलं’ म्हणा. हे मातीच्या अंगणातच, गुळगुळीत लादीवर करवंटी सटकते.

प्रत्येक थांब्यावर एक मोठं माणूस किंवा कॉलेजातलं भावंड, आणि पाण्याचा जग. त्यांना दोन दिवस आधी फोन करून त्यांचा थांबा सांगा. ऐनवेळी ‘कुणीतरी बघा रे’ म्हटलं की कुणीच बघत नाही. अंगणात विहीर असेल तर तिच्यापाशी एक माणूस फक्त त्याच कामाला. कठडा आहे, झाकण आहे, तरीही. आणि माडांखाली खेळणार असाल तर आदल्या आठवड्यात पाडेल्याला बोलावून नारळ उतरवून घ्या.

जून ते सप्टेंबरमध्ये वाढदिवस असेल तर करवंट्या रद्द, त्या जागी जमिनीवर चिकटपट्टीची रेघ आणि लिंबू-चमचा. बाकी तिन्ही थांबे दोन खोल्या आणि व्हरांड्यात मावतात. बर्फाखाली जाड चादर अंथरा आणि पोरांना अनवाणी ठेवा.

संगीत खुर्ची ठेवायचा आग्रह झाला तर खुर्च्या कमी करा, मुलं नाही: उरलेल्या खुर्च्यांवर सगळ्यांनी मिळून मावायचं. पहिला-दुसरा नंबरही नको. केप आणि मुखवटा सगळेच घरी नेतात, परतभेट तीच.

केकच्या आधीची दहा मिनिटं

धावून आलेल्या मुलांना थेट केकपुढे उभं केलं की ढकलाढकली होते. आधी खाली बसवा, डोळे मिटायला लावा आणि ‘सुपर कान’ खेळा. पडद्यामागून एकेक आवाज: किल्ल्यांचा जुडगा, काड्यापेटी, रोवळीत तांदूळ, पाटा-वरवंटा, शेवटी पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा भोंपू. भोंपूला सगळे एकदम ओरडतात, आणि त्याच ओरडण्यावर केक आणायचा. फुगे फुटले असतील तर त्यांचे तुकडे याच वेळात उचला, लहान मुलाच्या घशात गेले तर श्वास अडकतो.

केकनंतर एकही खेळ ठेवू नका. मुलं आपोआप खोक्यांकडे वळतात, वळू द्या.

निघताना प्रत्येक पालकाला एक गोष्ट तोंडी सांगा: केप घालून सायकल नाही, झोपाळा नाही. ओढणी चाकात अडकते, तशीच हीही अडकते.