घेवड्याला शेणखत किती, युरिया किती?

घेवडा (राजमा याच जातीचा) कडधान्यच. कडधान्यं मुळांवरच्या गाठींतून हवेतलं नत्र (नायट्रोजन) स्वतःच मिळवतात, मग त्याला वेगळं नत्र कशाला? हा हिशेब हरभऱ्याला, तुरीला चालतो. घेवड्याच्या मुळांवर गाठी येतात, पण कमी आणि उशिरा. म्हणून तर उत्तर भारतात रब्बी राजम्याला हेक्टरी ९० ते १२० किलो नत्र सांगतात आणि हरभऱ्याचं २०-२५ किलोत भागतं. भौगोलिक मानांकन मिळालेला कोरेगावचा वाघ्या घेवडाही याच जातकुळीतला. नुसत्या शेणखतावर तो पिवळा पडतो, नुसत्या पोत्यातल्या खतावर जमिनीचा सेंद्रिय कर्ब घटत जातो. दोन्ही द्यायची, पण मोजून.

१. उन्हाळ्यातच माती तपासून घ्या. नत्र, स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) किती द्यायचं ते माती परीक्षणाच्या पत्रिकेवरून ठरवा, शेजारच्या बांधावरून नव्हे.

२. पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी शेणखत पसरून कुळवाची पाळी द्या. खत पूर्ण कुजलेलं हवं: हातात घेतलं की भुसभुशीत, वास मातीचा. शेणाचा वास येत असेल तर अजून थांबा. कच्च्या खतातून हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि तणाचं बी फुकट मिळतं.

३. आता आकडेमोड. समजा, शिफारस हेक्टरी ६० किलो नत्र आणि ६० किलो स्फुरद अशी निघाली. म्हणजे एकरी २४-२४ किलो. एकरी २ टन शेणखत टाकलं, त्यात अर्धा टक्का नत्र धरलं तर १० किलो होतं. पण पहिल्या हंगामात पिकाच्या वाट्याला त्यातलं साधारण तिसरा हिस्सा येतो, म्हणजे जेमतेम ३ किलो. इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. उरलेल्या २१ किलोसाठी ४५ किलोचं युरियाचं एक पोतं लागतं. स्फुरदासाठी सिंगल सुपर फॉस्फेटची ५० किलोची ३ पोती. डीएपी (नत्र आणि स्फुरद दोन्ही असलेलं दाणेदार खत) हाताळायला सोपं, पण सुपरमधून गंधक आणि कॅल्शियमही मिळतं, म्हणून माझा कौल सुपरला. पालाश पत्रिकेत कमी दिसला तरच द्या.

४. चुनखडीच्या रानात सुपर थोड्या शेणखतात कालवून ओळीत द्या, स्फुरद मातीत कमी अडकतो. मात्र युरिया आणि सुपर एकत्र करून ठेवू नका, ओल सुटून लगदा होतो. दोन्ही ऐनवेळी मिसळा.

५. बियाण्याला आधी बुरशीनाशक चोळा. जिवाणू सगळ्यात शेवटी: १० किलो बियाण्याला रायझोबियम (मुळांवर गाठी करणारे जिवाणू) आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू प्रत्येकी २५० ग्रॅम, गुळाच्या गार पाण्यात कालवून. सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. हरभऱ्याचं रायझोबियम घेवड्याला उपयोगी नाही, पाकिटावर पिकाचं नाव वाचूनच घ्या.

६. पेरताना सगळं सुपर आणि अर्धा युरिया द्या, पण बियाण्याच्या बाजूला आणि खाली दोन-तीन बोटं अंतर राखून. घेवड्याचं बी खताला चिकटलं की उगवण बसते.

७. साधारण २५ ते ३० दिवसांनी, खुरपणीनंतर, चार-पाच रोपं मुळासकट, मातीच्या ढेकळासह काढा. ओढू नका, गाठी तुटतात. मुळं पाण्यात धुवा आणि गाठ नखानं फोडा. आत गुलाबी दिसली तर ती नत्र बांधते आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर कामाची नाही. गुलाबी गाठी भरपूर असतील आणि पानं गर्द असतील तर उरलेल्या युरियाला कात्री लावा. नसतील, तर उरलेलं सगळं ओलीवर ओळीच्या कडेनं द्या आणि मातीत झाका. वर पडून राहिलेला युरिया हवेत जातो.

फुलं लागल्यावर युरिया नको. पाला माजतो, शेंगा मागे पडतात आणि दाट झाडोऱ्यात रोग आत शिरतो.

घेवड्यामागे रब्बी ज्वारी घेणार असाल तर शेंगा काढल्यावर पाला जाळू नका, रानातच गाडा. शेणखतातलं उरलेलं नत्रही ज्वारीला हळूहळू लागू होतं, तेव्हा तिचा युरिया ठरवताना ते धरा.