आभाला क्लिनिक जोडायचंय? आधी केसपेपर नीट करा

आयुष्मान भारत डिजिटल मिशन (एबीडीएम), म्हणजे पेशंटचं रेकॉर्ड त्याच्या आभा या डिजिटल हेल्थ खात्याला जोडायचं सरकारी काम, देशभर सुरू झालं सप्टेंबर २०२१ मध्ये, तरी आपल्यातले बरेच डेंटिस्ट अजून "ते मोठ्या हॉस्पिटलवाल्यांचं" म्हणून गप्प बसलेत. छोट्या क्लिनिकलाही जोडता येतं, फक्त लगेच सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावू नका.

आधी नोंदणी उरकून टाका. दोन वेगवेगळ्या असतात, डॉक्टर म्हणून तुमची एचपीआरवर (डॉक्टर आणि इतर आरोग्य व्यावसायिकांची सरकारी यादी) आणि क्लिनिकची एचएफआरवर (दवाखान्यांची यादी). आधार, डिग्री, स्टेट डेंटल कौन्सिलचं सर्टिफिकेट समोर घेऊन बसा आणि सगळीकडे नाव एकच आहे ना ते बघा. माझं कौन्सिलकडे माहेरचं, आधारवर सासरचं, मग काय, त्यातच अडकले.

आता खरं काम, केसपेपर. आपला केसपेपर म्हणजे "३६ आरसीटी, पेड", बास. उद्या पेशंटच्या परवानगीने हेच रेकॉर्ड त्याच्या फिजिशियनने उघडलं तर त्याला काय कळणार, ३६ म्हणजे खालची डावी पहिली दाढ आणि आरसीटी म्हणजे रूट कॅनल हे फक्त आपल्याला माहीत. म्हणून आजपासून दाताचा नंबर टाकाच पण शेजारी साध्या शब्दांत पण लिहा, काय केलं, कोणतं औषध किती दिवस दिलं, कशाची ॲलर्जी आहे.

आणि हिस्ट्री विचारताना "बीपी शुगर काही आहे का" एवढ्यावर सोडू नका, पेशंट "नाही" म्हणतो आणि पिशवीत गोळ्या असतात! गोळ्यांचा फोटोच काढून घ्या. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर दात काढायच्या आधी फिजिशियनशी बोला, त्यातल्या वॉरफरिनवाल्याचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) बघा, आणि पेशंटला स्पष्ट सांगा की स्वतःच्या मनाने गोळी बंद करायची नाही, कारण शेजारच्यांनी सांगितलं म्हणून पाच दिवस बंद करून येणारे कमी नाहीत. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून इंजेक्शन घेतलंय का तेही विचारा, बिस्फॉस्फोनेट असेल तर दात काढल्यावर जबड्याचं हाड भरून यायला त्रास होऊ शकतो. हिरड्या फार खराब असतील तर एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) करायला सांगा, शुगर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्यांमुळे शुगर आटोक्यात येत नाही, दोन्हीकडून. याची चिठ्ठी डायबेटिसच्या डॉक्टरांना तुम्हीच लिहा, चार ओळींची. उत्तर आलं की फाईलला लावा. गुटख्यामुळे तोंड उघडत नाही किंवा पांढरा चट्टा आहे अशांचं तर रेफरल दिल्यावर पंधरा दिवसांनी फोन करून गेले का ते विचाराच.

हे सगळं महिनाभर कागदावर जमलं की मग सॉफ्टवेअर. विकत घेताना एकच विचारा, एबीडीएमला जोडलेलं आहे का, आणि डेमोत खरंच आभाला रेकॉर्ड लिंक करून दाखवायला लावा. नुसतं "येतंय पुढच्या अपडेटमध्ये" ऐकून चेक फाडू नका.

राहिलं रिसेप्शन. आभा नंबर १४ आकडी, त्यासाठी ओटीपी लागतो आणि हल्ली ओटीपी म्हटलं की पेशंट फोन खिशात घालतो, बरोबरच आहे त्याचं. रिसेप्शनवरच्या मुलीला दोन वाक्यांत कशासाठी ते सांगायला शिकवा. नाही म्हणाला तर आग्रह नको, आभा ऐच्छिक आहे, दाढ तेवढीच दुखतेय त्याची, घ्या खुर्चीवर.