बिल परत आले की नकाशा कुठे अडतो? फेरकाम आणि अपवाद मांडताना या चुका टाळा

कारखान्यातील खरेदी बिल पास होण्याची प्रक्रिया कागदावर सोपी दिसते: गेटवर नोंद, स्टोअर्समध्ये जीआरएन (माल मिळाल्याची नोंद), क्यूसी (गुणवत्ता तपासणी), लेखा विभागात पर्चेस ऑर्डर, जीआरएन आणि बिल या तिन्हींचा मेळ, मग मंजुरी आणि पेमेंट. या प्रक्रियेचा नकाशा, म्हणजे चौकटी आणि बाणांची आकृती, काढताना बहुतेक ठिकाणी एवढाच सरळ रस्ता काढला जातो, कारण बैठकीत बसलेले विभागप्रमुख काम कसे चालायला हवे ते सांगतात आणि अडकलेल्या बिलांची फाइल ज्याच्या टेबलावर असते त्या लेखनिकाला बोलावलेलेच नसते. पेमेंटपूर्वीच्या या पाच टप्प्यांपैकी प्रत्येकावर ९५ टक्के कामे पहिल्याच वेळी बरोबर होतात असे धरले, तरी कुठेही न अडखळता शेवटपर्यंत पोहोचणारी बिले सुमारे ७७ टक्केच भरतात. उरलेल्या बिलांचे काय होते, हे नकाशाने सांगायला हवे.

‘नाही’चा बाण थेट सुरुवातीला नेणे

सर्वांत जास्त आढळणारी चूक हीच. ‘बिल बरोबर आहे का?’ या निर्णयचौकटीतून ‘नाही’चा एकच बाण निघतो आणि पहिल्या टप्प्यावर जाऊन पडतो. दरात तफावत असेल तर प्रकरण खरेदी विभागाकडे जाते आणि गरजेनुसार ऑर्डरमध्ये दुरुस्ती होते; बिल १०० नगांचे आणि आवक ९७ नगांची असेल तर स्टोअर्सकडून खातरजमा होऊन डेबिट नोट (कमी आलेल्या मालाची रक्कम वजा करणारा कागद) निघते; जीएसटी क्रमांकच चुकला असेल तर ती दुरुस्ती फक्त पुरवठादार करू शकतो. ही तीन वेगळी कारणे आहेत, म्हणून बाणही तीन हवेत आणि प्रत्येकावर कारण लिहिलेले हवे.

तिसऱ्या कारणात आणखी एक खाच आहे. ज्यांची वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांहून अधिक आहे अशा पुरवठादारांना ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल) लागू आहे. ते नोंदणी पोर्टलवर २४ तासांच्या आतच रद्द करता येते आणि रद्द केलेला बिल क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. मुदत उलटली की क्रेडिट नोट (पुरवठादाराने रक्कम कमी केल्याचा कागद) किंवा जीएसटी विवरणपत्रातील दुरुस्ती हाच मार्ग उरतो. म्हणजे पुरवठादाराने बिल रद्द करून नवे पाठवले, तर ‘परत गेलेले बिल’ कधीच परत येत नाही, दुसरेच बिल येते. अशा वेळी मागे जाणारा बाण काढणे चूक ठरते. जुन्या बिलाचा प्रवास ‘रद्द’ या शेवटावर संपवावा आणि नवे बिल ऑर्डर क्रमांकाने त्याच्याशी जोडावे. नाही तर एकाच मालाचे दोनदा पेमेंट होण्याची वाट आपणच मोकळी ठेवतो.

घड्याळ थांबले असे गृहीत धरणे

बिल ‘होल्ड’ला टाकले की मुदतही थांबते, असा एक सोयीस्कर समज असतो. २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला लेखी करार नसल्यास १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. मालाबद्दल हरकत असेल तर ती माल पोहोचल्यापासून १५ दिवसांच्या आत लेखी कळवावी लागते. तसे न केल्यास माल पोहोचला त्याच दिवशी स्वीकारला असे मानले जाते. त्यामुळे फोनवर केलेल्या तक्रारीचा मुदतीच्या दृष्टीने उपयोग नाही, आणि म्हणूनच नकाशात ‘पुरवठादारास कळवणे’ इतकेच न लिहिता ‘लेखी हरकत पाठवणे’ अशी स्वतंत्र पायरी व तिचा जबाबदार माणूस दाखवणे आवश्यक आहे.

बीपीएमएन २.० या प्रक्रियेचे नकाशे काढण्याच्या चिन्हपद्धतीत मुदत दाखवण्यासाठी कामाच्या चौकटीच्या कडेवर दुहेरी वर्तुळात घड्याळ काढतात. वर्तुळ अखंड रेषेचे असेल तर मुदत संपताच ते काम थांबून दुसरी वाट सुरू होते, आणि तुटक रेषेचे असेल तर काम चालू राहून समांतर स्मरणपत्र जाते. स्मरणपत्रासाठी अखंड वर्तुळ काढले, तर पहिल्याच आठवणीला तपासणीचे मूळ काम बंद पडते. सॉफ्टवेअर नकाशावरून चालवले जात असेल तर हा फरक लगेच भोवतो.

नेहमीच्या गोष्टीला अपवाद म्हणणे

वाहतूक खर्च वेगळा लावलेली बिले दर आठवड्याला येत असतील तर तो अपवाद नव्हे, प्रक्रियेचाच दुसरा रस्ता आहे, आणि तो मुख्य नकाशात असला पाहिजे. याउलट वर्षातून एखाद्या वेळी घडणारे प्रकार त्याच पानावर कोंबले तर कोणीही तो नकाशा वाचत नाही. त्यांच्यासाठी उपप्रक्रिया किंवा ‘कारण, निर्णय कोणाचा, पुढची पायरी’ असा साधा तक्ता पुरतो.

दुरुस्तीनंतर कोणती तपासणी पुन्हा, हे न ठरवणे

दर बदलला म्हणून क्यूसी पुन्हा करण्याची गरज नाही, पण मंजुरी मात्र पुन्हा घ्यावीच लागते, कारण पहिली सही वेगळ्या रकमेवर झालेली असते. बिल दुसऱ्यांदाही अडले तर निर्णय लेखनिकाच्या वरच्या अधिकाऱ्याकडे जावा, अशी मर्यादाही त्याच बाणावर लिहावी. शिवाय दुरुस्त बिलाची आवक तारीख नव्याने टाकली जात असेल तर अहवालात उशीर दिसतच नाही. पहिली तारीख कायम ठेवून फेऱ्यांची संख्या स्वतंत्र नोंदवावी.

नकाशा तपासण्यासाठी गेल्या तिमाहीत रखडलेली बिले काढावीत आणि त्यांच्यावरचे शेरे वाचत एकेक बिल नकाशावरून चालवून पाहावे. ‘साहेबांना विचारले’ असा शेरा जिथे सापडेल, तिथे एखादा निर्णय नकाशात आलेला नाही.