१० मीटरवर झिरो केला, ५० ला छर्रा गेला कुठं? स्कोप लावताना या चुका टाळा

आपल्या नागपुरात एअर रायफलचा बहुतेकांचा सराव १० मीटरच्या लेनवरच होतो, जागाच तेवढी मिळते, म्हणून स्कोप (रायफलवरची दुर्बीण) पण तिथंच झिरो केला जातो, म्हणजे क्रॉसहेअर (काचेतली फुली) जिथं, तिथंच छर्रा लागेल असा जुळवला जातो. मग कोणाच्या तरी काटोल रोडकडच्या शेतात ५० मीटरवर टार्गेट लावलं की छर्रा कागदालाच लागत नाही. माझ्यासोबत हेच झालं, अख्खी सकाळ टरेट (स्कोपवरच्या जुळवायच्या चकत्या) फिरवण्यात गेली, अन् स्कोप बिचारा एकदम ठीक होता.

खरी चूक ही समजूत आहे की १० ला बरोबर म्हणजे पुढंही बरोबर. स्कोप नळीच्या वर साधारण ४ ते ४.५ सेंटीमीटर बसतो. छर्रा खालून निघतो, चढताना नजरेची रेषा एकदा कापतो, थोडा वर जातो अन् पडताना तीच रेषा परत कापतो. १० मीटर हा फक्त पहिला छेद झाला, दुसरा कुठं पडतो ते शोधायचं असते. समजा .१७७ ची (छर्‍याची जाडी, इंचात) एअर रायफल आहे, वेग सेकंदाला २०० मीटरच्या आसपास, तर १० ला झिरो केल्यावर २० ला छर्रा दीडेक सेंटीमीटर वर लागेल, ३० च्या जवळपास परत मधोमध, आणि ५० ला अंदाजे १५ सेंटीमीटर खाली. आता .२२ ची बारुदाची गोळी घ्या, एअर रायफलचा छर्रा नाही, तिचा वेग ३२० च्या आसपास, ती १० ला झिरो केली तर ५० ला उलट ५ सेंटीमीटर वर जाते! म्हणून मित्राचा हिशोब आपल्या रायफलला लावू नका भाऊ, आधी स्वतःच्या स्कोपची उंची पट्टीनं मोजा, नळीच्या मध्यापासून काचेच्या मध्यापर्यंत.

दुसरी गडबड क्लिकची, म्हणजे टरेटच्या एका खटक्याची. एमओए हे कोनाचं माप आहे, अंशाचा साठावा भाग. पाव एमओएचा क्लिक १०० मीटरवर ७ मिलिमीटरच्या थोडा वर सरकवतो, १० वर मात्र पाऊण मिलिमीटरपेक्षाही कमी. म्हणजे १० वर एक सेंटीमीटर हलवायला १४ क्लिक लागतात, लोक चार क्लिक देतात अन् म्हणतात स्कोप खराब आहे. आणि जवळची बारीक चूक लांब गेल्यावर मोठी होते, १० वरचा १ मिलिमीटर ५० वर ५ मिलिमीटर, त्यामुळं एका छर्‍यावर भरवसा ठेवूच नका, पाच मारा, ग्रुपचा (पाचही भोकांच्या घोळक्याचा) मध्य धरा, मगच टरेटला हात लावा.

पॅरलॅक्स पण बघा. मोठ्या रायफलचे बरेच स्कोप १०० यार्डासाठी सेट असतात, १० मीटरवर चित्र धूसर दिसते आणि डोळा जरासा हलला की क्रॉसहेअर टार्गेटवर सरकतो, तुम्ही झिरो करताय ते डोळ्याच्या जागेला. फोकस जवळ येणारा स्कोप घ्या, नाहीतर गाल दर वेळी एकाच जागी टेकवा.

स्प्रिंगची रायफल असेल तर माउंट (स्कोप धरणारी पकड) तपासाच, तिचा धक्का मागंपुढं दोन्हीकडं बसतो, माउंट हळूहळू मागं सरकतो आणि झिरो पळतो. रेलवर (माउंट बसतो त्या पट्टीवर) पेन्सिलनं खूण करून ठेवा, सरकला की लगेच दिसेल. रायफल तिरपी धरणं ही पण तशीच चूक, १० वर काही कळत नाही, ५० वर छर्रा बाजूला जातो, छोटी पाणपातळी लावली तर बरं. छर्‍यांचा डबा बदलला तर झिरो परत बघा.

मग करायचं काय? १० वर फक्त कागदावर आणा, खरा झिरो २५-३० ला लावा, मागं मातीचा पक्का बांध असल्याशिवाय एकही फायर नको, अन् पाखरांवर तर बिलकुल नाही. उन्हाळ्यात सकाळी साडेसहा-सातलाच उरका, नंतर जमिनीवरची हवा थरथरते, वारा सुटतो. मग १०, २०, ३०, ४०, ५० ला पाच-पाच मारा आणि किती वर, किती खाली ते कागदाच्या चिठ्ठीवर लिहून बटला सेलोटेपनं चिकटवा. माझ्या रायफलवर तीच चिठ्ठी लावलेली आहे.