अर्धांगवायूनंतर व्हिडिओ कॉलवर फिजिओथेरपी : घरच्यांनी करावयाची तयारी

अर्धांगवायूच्या रुग्णाला घरी आणल्यानंतर व्यायामासाठी आठवड्यातून अनेकदा जिल्ह्याच्या ठिकाणी नेणे बहुतेक कुटुंबांना झेपत नाही, त्यामुळे व्हिडिओ कॉलवरील फिजिओथेरपीचा आधार घेतला जातो. मात्र स्नायू किती ताठरले आहेत किंवा खांदा सांध्यातून खाली उतरला आहे का, हे हाताने चाचपूनच नीट कळते. म्हणून पहिली तपासणी प्रत्यक्ष करून घ्यावी आणि पुढे घरी रुग्णाला आधार देणारी व्यक्तीच तेव्हा सोबत असावी, कारण दुरून चालणाऱ्या उपचारात थेरपिस्टचे हात तीच असते.

मोबाइल हातात धरू नये. तो रुग्णाच्या कमरेच्या उंचीवर, डोक्यापासून पावलांपर्यंत सारे दिसेल इतक्या अंतरावर पक्का टेकवावा. खिडकी रुग्णाच्या पाठीमागे आल्यास पडद्यावर नुसती काळी आकृती उरते. चालणे समोरून आणि बाजूनेही दाखवावे. गुडघे दिसतील असे कपडे हवेत. स्त्रियांना संकोच वाटत असल्यास स्त्री थेरपिस्टची मागणी आधीच करावी. पायपुसणी आणि वायरी उचलून ठेवाव्यात. घरोघरी असणारी प्लास्टिकची हलकी खुर्ची या कामाची नाही. हातांची, जड खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी.

सर्वाधिक चुका होतात त्या रुग्णाला उठवताना. दुर्बळ हात ओढून किंवा काखेत हात घालून उचलल्यास आधीच सैल झालेल्या खांद्याला इजा होते आणि ते दुखणे कित्येक महिने व्यायाम अडवते. आधार देणाऱ्याने दुर्बळ बाजूला, किंचित मागे उभे राहून कमरेला बांधलेला रुंद पट्टा धरावा. वाचा गेलेल्या रुग्णाशी ‘थांबा’ यासाठी एक खूण आधीच ठरवावी.

सत्रापूर्वी रक्तदाब मोजून तो डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेत असेल तरच व्यायाम सुरू करावा. औषधांविषयीच्या शंका सरकारच्या मोफत ‘ई-संजीवनी’ सेवेतील डॉक्टरांना विचारता येतात. एका पोटरीला अचानक सूज येऊन ती दुखू लागल्यास तिला मालिश न करता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. छातीत दुखल्यास, धाप लागल्यास, तोंड नव्याने वाकडे झाल्यास किंवा बोलणे अडखळल्यास कॉल बंद करून लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि लक्षणे सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवावी. मेंदूतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.